अकरावा गठ्ठा

बयाबाई ढेबे माझ्या वजनकाट्यावर पहिल्यांदा आली ती भांडायलाच. महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे वळणाऱ्या रस्त्याला माझा काटा आहे. वडिलांनी टाकला, त्यांच्यामागे मी चालवते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. रसायनांचे टँकर, खडीचे डंपर, भंगार, आंबे, सगळं माझ्या काट्यावर उभं राहून गेलंय आणि नाना तऱ्हेचे ड्रायव्हर मी सरळ केलेत. त्यामुळे पायात प्लास्टिकच्या चपला घातलेली एक वाळकी बाई ऑफिसच्या काचेवर टकटक करून "तुझा काटा खोटा हाय" म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"काट्याला सरकारी सील आहे," मी म्हटलं. "वाचता येत असेल तर वाचा."

"वाचता येत नाय, मोजता येतं," ती म्हणाली. "रिकामी गाडी चढली तवा आत चार बापे बसले व्हते. भरून आली तवा चौघंबी उतरून चहाला गेले. त्या चौघांच्या वजनाचं माझं गवत कुठं गेलं, ते सांग."

ती बरोबर बोलत होती आणि मला राग आला तो त्याचाच. एवढ्या वर्षांत ही लबाडी माझ्या डोळ्यांखालून जात होती आणि मी काचेच्या आत बसून आकडा वाचत होते. मी त्या चौघांना चहाच्या टपरीवरून बोलावलं, गाडी पुन्हा रिकामी करून तोलली. तेव्हापासून माझ्या काट्यावर गाडी एकटी चढते. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरतो. कुणी कुरकुर केली की मी सांगते, बयाबाईला विचारा.

ही बाई पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली. घाटाचा रस्ता सोडून तासदीड तास चढलं की धारवाडी लागते. तेरा घरं, त्यांच्या म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी, थोडी वरी, आणि चारी बाजूंना गवत. पावसाळा सरला की कमरेएवढं गवत उभं असतं आणि वाडीतली बाईमाणसं विळे घेऊन त्यात शिरतात. पूर्वी हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, नेणारा देईल त्या भावाने, आणि वर तोच उपकार केल्यासारखा बोलायचा. बयाबाईचा नवरा हैबती दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. त्यामुळे वाडीच्या वतीने बोलण्याचं काम तिच्याकडे आलं आणि ते तिने पोटभर केलं.

त्यांच्या गवताची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. धारवाडीत वणव्यापासून सुरक्षित अशी सपाट जागा एकच. तिच्याभोवतीचं रान दर वर्षी साफ करतात आणि तेराही घरांचं गवत तिथेच रचतात. गवताची ही मोठी रास म्हणजे उडवी. एकाच उडवीत तेरा घरांच्या पेंढ्या म्हटल्यावर भांडणं ठरलेलीच. म्हणून प्रत्येक घर आपली पेंढी आपल्या पद्धतीने बांधतं. बांधायला सुतळी नाही की काथ्या नाही, गवताचाच बंद पिळायचा. कुणाचा पीळ उजवा, कुणी टोक एकदा खोचतं, कुणी गाठ मारून शेंडी सोडतं. बयाबाईच्या घरचा पीळ डावा आणि टोक दोनदा खोचलेलं, कारण तिची सासू डावरी होती आणि सुनेला तिनेच शिकवलं. शेळीच्या कानावरची खूण ओळखावी तशी ही माणसं पेंढी ओळखतात. मलाही तिने शिकवलं. मी डाव्या पिळाचा बंद करायला गेले तर तो माझ्या हातातच उसवला, आणि ती माझ्याच खुर्चीत बसून मला हसली.

आणि दुसरी रीत अशी की उडवी रचताना जी पहिली पेंढी ठेवायची, तिच्यावर वाघजाईच्या नावाने दूध ओतायचं. ती पेंढी तळाला जमिनीवर राहते. ती विकायची नाही, जनावराला घालायची नाही. तिथेच कुजून तिची माती होते आणि वरचं गवत देवी राखते, असं ते मानतात.

आता हर्षद. हर्षद माझा भाडेकरू. काट्याच्या मागची माझी मोकळी जागा आणि पत्र्याची शेड त्याने घेतली होती. वसाहतीतल्या एका कारखान्यात आठ वर्षं शिफ्ट करून तो कंटाळला आणि जनावरांच्या खाद्याच्या धंद्यात उतरला. सुरुवात केली ती भातगिरण्यांच्या कोंड्यापासून. ओमानला शेळ्यांचे आणि उंटांचे मोठमोठे गोठे आहेत, तिथल्या वाळवंटात पुरेसा चारा होत नाही, हे त्याने हेरलं. परवाने काढले, बंदरावरची माणसं गाठली, आणि आपल्याकडचा कोंडा जहाजात बसून तिथल्या सोहार बंदराला जायला लागला. मुलगा हुशार, मेहनती, आणि थोडा घाईचा. ही घाई मला तेव्हाच दिसायला हवी होती.

पुढे तिकडूनच विचारणा आली की सुकं गवत मिळेल का. सोहारच्या त्या गोठ्याचं कोठार सांभाळणारा माणूस आपल्याकडचाच निघाला, दासगावचा यासीन मुकादम. वीस वर्षं तिकडे आहे, पण मराठी अजून खाडीकाठचीच बोलतो. हर्षदने मला विचारलं, चांगलं गवत कुणाचं? मी बयाबाईचं नाव सांगितलं.

ती आली आणि पहिला प्रश्न केला, "खाणार कोण?"

"परदेशातला गोठा आहे, मावशी. मोठी पार्टी आहे."

"पार्टी गवत खात नाय. जनावर कुठचं ते दाखव."

शेवटी हर्षदने माझ्या ऑफिसातून यासीनला व्हिडिओ कॉल लावला आणि यासीन फोन घेऊन गोठ्यातून फिरला. लांब कानांच्या, उंच पायांच्या शेळ्या, ओळीने गव्हाणी, वर पंखे. बयाबाईने फोन नाकाशी धरला आणि एकेक शेळी निरखली. मग म्हणाली, "शेळ्या बऱ्या हायत. पण खूर वाढलेत. मऊ जागेवर बांधून ठेवतात म्हणून. मालकाला सांग, खूर काप, नायतर लंगडतील."

यासीन हसला. "सांगतो, मावशी."

"हसू नको. सांग."

त्या वर्षी तिने वाडीला छळलं म्हटलं तरी चालेल. गवत कुसळं धरायच्या आत कापायचं, नाहीतर ती जनावराच्या तोंडात रुततात. सकाळचं दव उडाल्याशिवाय विळ्याला हात लावायचा नाही. कापलेलं गवत दोनदा उलटायचं. उडवी रचल्यावर ती रोज कोपरापर्यंत हात आत घालून बघायची, आत ऊब धरत्येय का. तिच्या जावेने एकदा ओलसर पेंढी रचली तर हिने ती ओढून काढून डोंगरावरून खाली भिरकावली. जाऊ आठ दिवस बोलली नव्हती. पाण्याचा एक थेंब गवतात जाता कामा नये, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

जानेवारीत गवत माझ्या शेडमध्ये आलं. तिथे दाबून गठ्ठे बांधायचं यंत्र होतं. हर्षद म्हणाला, पेंढ्यांचे बंद कापून टाका, मोकळं गवत यंत्रात नीट बसतं.

"बंद कापायचा नाय," बयाबाई म्हणाली.

"अहो पण तिकडे कोण बघणार आहे कुणाची पेंढी ते?"

"मी बघणार."

अर्धा तास वाद झाला आणि बंद तसेच राहिले. हे यंत्र सुरू व्हायच्या आधी मी ऑफिसच्या खिडकीतून एक गोष्ट पाहिली. बयाबाईने यंत्रावरच्या माणसाला बाजूला व्हायला सांगितलं. तिच्या हातात फडकं बांधलेला तांब्या होता. मला वाटलं, कामगारांना ताक आणलं असेल. तिची पाठ माझ्याकडे होती. पहिली पेंढी तिने स्वतः यंत्रात ठेवली, क्षणभर हात जोडले आणि बाजूला झाली. तो पहिला गठ्ठा कंटेनरमध्ये पार आतल्या भिंतीला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची म्हैस व्यायला आली म्हणून ती पोलादपूरच्या गाडीने वर गेली. कंटेनर जवळजवळ भरला होता. दाराशी थोडी जागा उरत होती, धारवाडीचं आणखी गवत उतरायला दोन दिवस लागले असते आणि बंदराला निघायची गाडी दारात उभी होती. तिसऱ्या प्रहरी हर्षदचा एक छोटा टेंपो पेंढा घेऊन माझ्या काट्यावर चढला. पेंढा म्हणजे भाताचा, खाडीकडच्या खाचरातला. टेंपो लहान, वर माल डोंगराएवढा नाही, आणि काटा मात्र भलताच वर गेला. एकोणीस वर्षं काटा बघते मी. सुका पेंढा एवढा भरत नाही, ते वजन पाण्याचं होतं. मला ते कळलं. मी पावती फाडली आणि गप्प बसले. भाडेकरूच्या धंद्यात कशाला तोंड घाला, असं मनाशी म्हटलं. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते, म्हणून ती इथे लिहिते.

मार्चच्या मध्यावर सोहारहून निरोप आला. सव्वादोनशे गठ्ठ्यांपैकी अकरा आतून बुरसलेले निघाले. कळायच्या आधी त्यांतलं थोडं गव्हाणीत गेलं होतं. काही शेळ्यांची पोटं फुगली. दोन गाभण शेळ्या गाभडल्या, पोटातली करडं गेली.

नेमकी त्याच दिवशी बयाबाई वाडीतल्या दोघीतिघींना घेऊन खाली आली होती, दुसरा कंटेनर कधी लागतो ते विचारायला. वर उडवी तशीच उभी होती, अर्ध्याहून जास्त. हर्षदने तिला शेडच्या दारातच अडवलं.

"वजन वाढावं म्हणून पाणी मारलंत ना तुम्ही लोकांनी? दोन शेळ्या गाभडल्या तिकडे. माझं नाव गेलं."

मी बयाबाईला भांडताना कैक वेळा पाहिलं होतं, पण गप्प झालेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. जनावरांवर जगणाऱ्या माणसाला चोर म्हटलं तर तो उलटून बोलेल, शिवी दिली तर हसेलही. पण गाभण जनावराला कुजकं घातलं असं कुणी म्हटलं की पुढे त्या वाडीचं गवत कोण घेणार, त्या वाडीत मुलगी कोण देणार. सोबतच्या बायका रडायला लागल्या. तिने त्यांच्यावरच डोळे वटारले.

"रडताय काय गो? केलंय का काय आपण?"

हर्षदने एक कागद पुढे केला. संगणकावर टाइप केलेला. ती मला म्हणाली, "रेश्मा, वाच." मी वाचला. अकराही गठ्ठ्यांची चूक धारवाडीच्या लोकांची आहे, त्यांनी गवत ओलं दिलं, निर्यातदाराचा त्यात दोष नाही. खाली अंगठ्यासाठी जागा.

"मावशी, अंगठा द्या आणि विषय मिटवा," हर्षद आता मऊ आवाजात बोलत होता. "माझं लायसन वाचेल. पुढच्या वर्षी तुमचं गवत मीच घेईन. फक्त नाव दुसऱ्या गावाचं लावू. तिकडे कुणाला कळणार आहे?"

"म्हणजे गवत आमचं आनि नाव दुसऱ्याचं."

"गवताला काय नाव असतं?"

"आमच्याला असतं," ती म्हणाली. "लाव फोन त्या यासीनला. मला ते अकरा गठ्ठे बघायचेत. एकेक उघडून."

हर्षद म्हणाला, आता बघून काय उपयोग. ती माझ्या ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, मी हितनं उठत नाय. बाहेर डंपर हॉर्न वाजवत होते. शेवटी मीच माझ्या फोनवरून यासीनला लावला. तो कोठारातच होता. मागे त्याचा मालक उभा होता, पांढऱ्या लांब झग्यातला, वयस्कर, तोंड न उघडणारा.

"मावशी, माल वेगळा काढून ठेवलाय," यासीन म्हणाला. "गंमत बघा, दहा गठ्ठे दाराजवळचे. आणि एक पार मागच्या भिंतीचा. मधले सगळे चोख."

मागच्या भिंतीचा म्हटल्यावर बयाबाईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मला तेव्हा ते कळलं नाही. हर्षदला तर नाहीच.

"उघड," ती म्हणाली.

यासीनने पहिल्या गठ्ठ्याच्या उरलेल्या दोऱ्या कापून तो पूर्ण उघडला. वरून पातळ थर मोकळ्या डोंगरी गवताचा, आत काळपट पडलेला भाताचा पेंढा. त्याने तो उसकटून दाखवला. पिळलेला बंद कुठेच नव्हता.

"बंद दिसतोय का रे?"

"नाही, मावशी."

"आमचा नाय. दुसरा उघड."

दुसरा तसाच. तिसरा तसाच. प्रत्येक वेळी ती विचारायची, बंद दिसतोय का, आणि यासीन नाही म्हणाला की "आमचा नाय" म्हणायची, न चढता न उतरता, एकाच आवाजात. चौथ्या-पाचव्या गठ्ठ्याला हर्षद खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दहावा झाला. सोबतच्या बायका आता रडत नव्हत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. जिंकल्यातच जमा होतं.

यासीनने अकरावा उघडला. हा दुसरा होता. आतबाहेर डोंगराचंच गवत, पेंढ्या एकावर एक नीट बसलेल्या, आणि सगळ्यात तळाला एकच पेंढी पांढऱ्या-हिरव्या बुरशीने माखलेली. तिच्याभोवतीचं गवतही तपकिरी झालेलं. बुरशीतून बंद जेमतेम दिसत होता. पीळ डावा. टोक दोनदा खोचलेलं.

मी ओळखला. सोबतच्या बायकांनी ओळखला, त्यांची ढोसाढोस थांबली. हर्षदला त्यातलं काही कळत नव्हतं आणि यासीनला तर नाहीच. बुरशीत माखलेला तो बंद म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं गवतच. मी टेबलाखालून बयाबाईच्या गुडघ्याला हात लावला आणि हळूच म्हटलं, "नाही म्हणा. मोकळ्या व्हाल."

तिने माझा हात बाजूला केला.

"हा माझा," ती म्हणाली.

यासीनला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. "काय मावशी?"

"हा अकरावा माझा. माझ्या घरचा बंद हाय. वाडीतल्या दुसऱ्या कुणाचा नाय, माझाच." मग तिने सगळं सांगितलं. पहिल्या पेंढीवर दूध ओतायची रीत. ही पेंढी खरं तर जमिनीवर राहायची. पण हे गवत समुद्रापार निघालेलं, परक्या मुलखात त्याच्या खाली कुठची जमीन, त्याला कोण राखणार, म्हणून तिने देवीच्या पेंढीला सोबत धाडायचं ठरवलं. तांब्याभर दूध. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. "दवाचा थेंब लागू दिला नाय कुणाला. जावेची पेंढी डोंगरावरनं फेकली मी. आनि सोता दूध ओतून बसले. अक्कल गेली माझी."

हर्षद खिडकीपासून वळला. "ऐकलंत ना? कबूल केलं. मी काय सांगत होतो?"

"एक कबूल केला," बयाबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "माझा मी सांगितला, दोन शेळ्या समोर हायत म्हणून सांगितला. आता दहांचं तू सांग."

हर्षदने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. आणि माझंच तोंड उघडलं. एका निरक्षर बाईने सुटायची वाट सोडून दिली होती आणि मी माझ्या सरकारी सीलाच्या काट्याशेजारी बसून गप्प राहणार होते, हे मला सहन होईना. मी यासीनला सांगितलं, कंटेनर निघाला त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भाताच्या पेंढ्याचा एक टेंपो माझ्या काट्यावर चढला होता. माल आकाराच्या मानाने फार जड होता. ओला आहे हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोलले नाही. पावतीची नक्कल माझ्याकडे आहे, पाठवते.

हर्षद खाली बसला. मग म्हणाला, "गाडी उभी होती. दहा गठ्ठ्यांचीच तर जागा होती. वाटलं, वाटेत सुकेल." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची दया आली, पण बयाबाईला आली असेल असं वाटत नाही.

पलीकडे यासीन मालकाशी त्यांच्या भाषेत बोलत होता. बयाबाईने मध्येच विचारलं, "गाभडलेल्या दोघींनी कुठचं खाल्लं व्हतं?"

"ते नाही सांगता यायचं, मावशी. सगळ्यातलंच थोडं थोडं गेलं गव्हाणीत."

"म्हणजे माझंबी त्यात हाय," ती म्हणाली. "मला त्या दाखव."

यासीनने फोन नेला. दोन्ही शेळ्या वेगळ्या बांधल्या होत्या, मान खाली घालून उभ्या. बयाबाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिने पदराने नाक पुसलं. त्यांना काय घालता, कोंडा कोमट पाण्यात कालवता का, गूळ देता का, हे सगळं विचारून घेतलं. मग तिने हर्षदचा कागद उचलला, उलटा केला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हितं लिही. अकरातला एक धारवाडीच्या बयाबाई ढेब्याचा, चूक तिची एकटीची. दहा धारवाडीचे नायत. बस. जास्ती काय घालू नको."

मी लिहिलं. माझ्या ऑफिसच्या शाईच्या डबीत तिने अंगठा बुडवला आणि असा दाबला की कागद फाटतो की काय असं वाटलं. हर्षद उठून बाहेर जायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बस खाली. परवाने तुझे हायत, आमच्याकडं नायत. तू लागशीलच. पन कोंडा तुझा नि गवत आमचं. दार लागेपर्यंत मी कंटेनरला टेकून उभी ऱ्हाणार. म्हस व्याली तरी."

त्या कागदाचा फोटो मी यासीनला पाठवला, टेंपोच्या पावतीचाही. पाच दिवस काही उत्तर नाही. रोज सकाळी पहिल्या गाडीने बयाबाई खाली यायची, माझ्या बाकावर बसायची, दुपारी वर जायची. रोज विचारायची नाही, नुसती माझ्या फोनकडे बघायची. ड्रायव्हर लोक विचारायचे, ही कोण? मी सांगायचे, हिच्यामुळे तुम्हाला काट्यावर खाली उतरावं लागतं.

सहाव्या दिवशी यासीनचा फोन आला. हर्षदही शेडमधून धावत आला.

"मावशी, मालक म्हणतात, या बाईचं गवत पाठवा. बंद असलेलंच पाठवा, बिनबंदाचा एक गठ्ठाही उतरवून घेणार नाही. आणि कागदावर धारवाडीचं नाव हवं." मग जरा चाचरत म्हणाला, "फक्त एक विनंती आहे त्यांची. दूध नको."

"दूध ओतनार," बयाबाई म्हणाली. हर्षदने कपाळावर हात मारून घेतला. "दूध ओतल्याबिगर गवत निघायचं नाय. पन पेंढी हितंच ऱ्हाईल, आमच्या मातीत. हे त्याला सांग."

"सांगतो. मग कधी भरताय? दोन शेळ्यांचं काही मनात ठेवू नका, दोघी आता खाताहेत."

"बघू दे."

यासीनने फोन गोठ्यात नेला. त्या दोघी गव्हाणीत तोंड घालून उभ्या होत्या. बयाबाईने फोन खाली घ्यायला सांगितला. आणखी खाली, पायांकडे. मग शेजारच्या ओळीकडे, तिथेही पायांकडे. तिच्या कपाळाला आठी पडली.

"यासीन."

"काय मावशी?"

"खूर कापले नायत अजून."

"हो, ते राहून गेलं, मावशी. बघतो. गवत आलं की..."

"गवत आलं की नाय. आधी," ती म्हणाली. "माझ्या दुधानं तुमचं जनावर आजारी पडलं, मी अंगठा दिला. तुमच्या हयगयीनं ती लंगडनार हायत, त्याचा अंगठा कोन देनार? मालकाला सांग, खूर कापून दाखव. तवर धारवाडीची एक काडी डोंगर उतरायची नाय."

हर्षद माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. हातातोंडाशी आलेली मागणी होती, पावसाआधी उडवी रिकामी व्हायला हवी होती, आणि ही बाई अटी घालत होती. मी काही बोलले नाही. या वेळी गप्प बसण्यात मला कमीपणा वाटला नाही. यासीनने वळून मागे उभ्या असलेल्या मालकाला तिचं बोलणं सांगितलं. इतके दिवस आमच्यापुढे तोंड न उघडलेला तो म्हातारा पहिल्यांदा हसला, दाढीतून, आणि काहीतरी दोन शब्द बोलला.

चार दिवसांनी व्हिडिओ आला. बयाबाई बाकावर होतीच. मी फोन तिच्या हातात दिला. वाळूत एका ओळीत उभ्या केलेल्या शेळ्या, यासीन एकेकीचा पाय उचलून दाखवत होता आणि मालक स्वतः हातात कात्री घेऊन शेजारी उकिडवा बसला होता. तिने व्हिडिओ दोनदा बघितला. एका शेळीशी थांबवायला लावला, डोळ्यांजवळ नेला.

"हिचा मागचा डावा जरा जास्ती कापलाय," ती म्हणाली. "पन चालंल."

मग ती उठली, रस्ता ओलांडला आणि पोलादपूरच्या गाडीला हात केला. दोन दिवसांनी धारवाडीच्या गवताची पहिली गाडी माझ्या काट्यावर चढली. ड्रायव्हर उतरला, हमाल उतरले. सगळ्यात शेवटी, पेंढ्यांच्या वरून, हैबतीच्या हाताला धरून बयाबाई उतरली, बाजूला उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघ गो आता."